समाचाराचे शब्द

दिवाळीच्या अंकात हा कसला विषय, असे फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवून चाळणाऱ्या वाचकाला वाटेल. वाटू द्यावे. ज्या घरावर यंदा आकाशकंदील लागलेला नाही असे एखादे घर आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असते, आणि त्याची आठवण सर्वांत जास्त होते ती याच चार दिवसांत. त्या घरी कढई चढत नाही. चकल्या, करंज्या, चिवडा शेजारून किंवा सोयऱ्यांकडून जातो. ही रीत आपल्या बायकांनी मोठ्या शहाणपणाने पाळली आहे. डबा भरणे सोपे असते. अवघड असतो तो दारातला क्षण. दार उघडते, डबा हाती दिला जातो, आणि आता काहीतरी बोलायला हवे! गेलेले माणूस पिकले पान असेल तर भाषा तयार असते. 'सुटले', 'सोने झाले', 'पतवंड पाहून गेले' असे म्हणता येते आणि ते खोटेही नसते. पण सकाळी डबा घेऊन कामावर गेलेला मुलगा संध्याकाळी परत आला नाही, अशा घराच्या दारात ही सगळी भाषा निकामी होते.

या शब्दांचाच येथे थोडा विचार करायचा आहे, आणि तो शिष्टाचार शिकवण्यासाठी नव्हे. सांत्वन हाही वाङ्मयाचाच एक प्रकार आहे. कविता न लिहिलेला मराठी माणूस सापडेल (फार थोडे सापडतील, पण सापडतील). दुखवट्याच्या चार ओळी न लिहिलेला मात्र सापडायचा नाही. असे असून कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, दुखवट्याच्या पत्राचे परीक्षण कुणी करीत नाही. प्रसंग नाजूक असतो, म्हणून आपण भाषेला माफी देऊन टाकतो. मला वाटते, प्रसंग नाजूक असतो म्हणूनच ती देऊ नये.

आपल्या भाषेत या प्रसंगासाठी दोन घराण्यांचे शब्द आहेत. 'सांत्वन' हा संस्कृतातून आलेला. जुन्या राजनीतीत 'सान्त्व' म्हणजे साम. साम, दाम, दंड, भेद यांतला पहिला उपाय. गोड बोलून समोरच्याला वळवायचे, काहीतरी पटवून द्यायचे, ही खटपट त्या शब्दाच्या मुळातच आहे. दुसरे घराणे आपले घरगुती: धीर देणे, डोळे पुसणे, पाठीवरून हात फिरवणे, जवळ बसणे. यात जिभेला काम नाही. सगळे काम हाताचे. याशिवाय 'समाचार' म्हणून एक चमत्कारिक शब्द आहे. 'समाचाराला जाणे' म्हणजे दुःखात भेटायला जाणे, आणि 'समाचार घेणे' म्हणजे खरडपट्टी काढणे! समाचाराला म्हणून गेलेली माणसे कित्येकदा समाचार घेऊनच परततात. 'कसे झाले?' या प्रश्नाने सुरुवात होते. मग 'डोक्यावर शिरस्त्राण नव्हते का?', 'डॉक्टरांना आधी का नाही दाखवले?', 'एवढ्या रात्रीचे निघायचेच कशाला?' विचारणारा दुष्ट नसतो. आपल्या घरी हे होणार नाही एवढी खात्री त्याला करून घ्यायची असते, आणि त्यासाठी त्या घरच्यांची कुठेतरी चूक निघायला हवी असते. बाप बिचारा पंधराव्यांदा तीच हकीकत सांगतो.

वास्तविक मराठी भाषा अशा प्रसंगी फार जपून पाऊल टाकणारी आहे. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, 'वाढते'. दुकान बंद होत नाही, तेही 'वाढवतात'. एरवी 'जातो' म्हणणे अशुभ म्हणून 'येतो' म्हणणारे आपण दुःखाच्या घरातून निघताना तो शब्दही गिळतो आणि नुसते उठून चालू लागतो. ज्या भाषेला एका क्रियापदाचे एवढे भान, तिच्यात दुखवट्याचे वाक्य इतके निगरगट्ट कसे झाले, याचे मला नेहमी नवल वाटते. 'काळाने घाला घातला', 'भरून न येणारी पोकळी', 'ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो'. पूर्वी ही वाक्ये पोस्टकार्डावरून येत. मृत्यूची वार्ता सांगणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि तो फाटका कोपरा पुष्कळदा मजकुरापेक्षा जास्त बोले. तारखाते तर २०१३च्या जुलैत बंदच झाले. आता मोबाइलवर शंभर माणसांच्या गटात एक जण 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहितो आणि खाली नव्वद जण ती उतरवून काढतात. चौकातल्या फलकावर तेच शब्द हातभर मोठे होऊन येतात, आणि त्यांच्याखाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांची छायाचित्रे मृतापेक्षा ठळक असतात.

ठरीव शब्दांवर माझा सरसकट राग नाही. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्याला हाताशी एक काठी लागते. नमस्काराला आपण अर्थ विचारत नाही, तसा यांनाही विचारू नये. माझी तक्रार आहे ती या वाक्यांतल्या अलंकारांविषयी. 'कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला' हे वाक्य आपण किती सहज लिहितो! ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर खराच डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. गावाबाहेर असल्यामुळे जी वाचली त्यांना आता काय लिहायचे? दुःखाचा डोंगर म्हणावे तर ती चेष्टा होते. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हाही तेच. उपमा जिथे अक्षरशः खरी झाली तिथे ती लिहिणाऱ्याच्या हातातून गळून पडते आणि आजवर आपण काय लिहीत होतो ते एकदम दिसते. शिवाय अशा गावात आणखी एक गोष्ट घडते. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून जी शेजारीण पिठले-भाकरी घेऊन यायची, जिच्या हातचा कडू घास खायचा, तीच शेजारी उरलेली नसते. समाचाराला येणार कोण, हाच प्रश्न.

पण हे सगळे आजचेच आहे असे समजण्याचे कारण नाही. सांत्वनाचे शब्द फुकट जातात हे आपल्या कवींना फार पूर्वी कळले होते, आणि त्यांनी ते लपवलेले नाही. 'रघुवंशा'चा आठवा सर्ग पाहा. त्यातल्या मृत्यूइतका अकस्मात मृत्यू मला दुसरा ठाऊक नाही. अज आणि इंदुमती उद्यानात आहेत. नारद आकाशमार्गाने गोकर्णाकडे चालले आहेत. त्यांच्या वीणेवरची दिव्य फुलांची माळ वाऱ्याने सुटते, खाली येऊन इंदुमतीच्या छातीवर पडते, आणि ती मरते. रोग नाही, शत्रू नाही, अपराध नाही. फुलाने माणूस मरतो. 'ट्रकचा ब्रेक निकामी झाला' हे कारण आजच्या बापाला जितके अपुरे वाटते तितकेच अजाला ते फूल अपुरे वाटते.

मग अज शोक करतो, आणि त्या शोकात काय आहे ते नीट पाहण्यासारखे आहे. मृत्यूविषयी सामान्य असे त्यात थोडे. जे आहे ते इंदुमतीचे. ती घरधनीण होती, सल्ला देणारी होती, एकांतातली मैत्रीण होती, कला शिकताना शिष्या होती. तिने एका आंब्याचे आणि प्रियंगूच्या वेलीचे लग्न ठरवले होते, ते राहिले. तिच्या पायाचा स्पर्श झालेला अशोक आता फुलेल, आणि जी फुले तिच्या केसांत जायची ती तिच्या तर्पणाला लागतील. बकुळीच्या फुलांची मेखला दोघे मिळून गुंफत होते, ती अर्धीच झाली आहे. ज्याच्या घरातून माणूस एकाएकी उठून गेले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. अर्धे विणलेले स्वेटर, पान दुमडून ठेवलेले पुस्तक, पुढच्या महिन्याची काढलेली तिकिटे. दीर्घ दुखण्यात माणूस आपल्या गोष्टी थोड्याफार आवरून जाते. अकस्मात मृत्यूत सगळे अर्धे राहते, आणि शोक त्या अर्ध्या वस्तूंतून बोलतो.

आता वसिष्ठांचा निरोप येतो. वसिष्ठ यज्ञाच्या दीक्षेत आहेत, म्हणून स्वतः न येता शिष्याला पाठवतात. (कामात गुंतलेली मोठी माणसे समाचाराला निरोप धाडतात, हे कालिदासालाही ठाऊक होते.) शिष्याचे म्हणणे असे की, इंदुमती ही मूळची अप्सरा, दिव्य फूल दिसेपर्यंतच तिचा शाप होता, तो संपला. मरण हीच देहाची सहजस्थिती, जगणे हा अपवाद, म्हणून क्षणभर जगलेल्यानेही लाभच मानावा. नातलगांचे अश्रू मृताला जाळतात. मागोमाग मेलास तरी तिची गाठ पडणार नाही, कारण परलोकीच्या वाटा ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे निराळ्या. आणि वाऱ्याने झाडही हलले अन् पर्वतही हलला, तर मग दोघांत फरक तो काय राहिला?

युक्तिवाद म्हणून यात खोट काढायला जागा नाही. शापाची हकीकत आहे, म्हणजे कारण आहे; तत्त्वज्ञान आहे, कर्तव्याची जाणीव आहे, मर्दपणाला आव्हानही आहे. आजची दुखवट्याची पत्रे याच चार खांबांवर उभी असतात. म्हणून तर हा उपदेश संस्कृतज्ञांनी पाठ केला आणि शोकसभांतून हयातभर म्हटला. परंतु त्याच्या पुढचाच श्लोक ते विसरले. अज 'बरे' म्हणतो, त्या मुनीला निरोप देतो; आणि कालिदास सांगतो की, शोकाने भरलेल्या त्या हृदयात गुरूचे शब्द मावलेच नाहीत, ते जणू गुरूकडेच परत गेले. पत्ता बरोबर असूनही परत आलेल्या पत्रासारखे! ज्या कवीने तो उपदेश इतका सुंदर रचला त्याने स्वतःच्या रचनेचा हा पराभव पुढल्याच श्लोकात मांडावा, याला मी फार मोठी गोष्ट समजतो. लहान कवीने उपदेशावर सर्ग संपवला असता आणि राजाला शहाणा केला असता.

महाभारतातही असेच घडते. स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला किती परींनी समजावतो! विहिरीत उलटा लोंबकळणारा माणूस, वेल कुरतडणारे उंदीर, आणि तशातही तोंडात पडणारे मधाचे थेंब, ही जगप्रसिद्ध कथा तिथलीच. विदुराचे बोलणे ऐकून होते, आणि पुत्रशोकाने पोळलेला म्हातारा मूर्च्छा येऊन जमिनीवर पडतो. पुढे गांधारी रणांगणावर येते तेव्हा व्यासांची लेखणी तत्त्वज्ञान सोडून देते. गांधारी एकेका प्रेताजवळ जाते, एकेकाचे नाव घेते. शत्रूकडच्या अभिमन्यूजवळ बसलेल्या उत्तरेवरही तिची नजर थांबते. ती कुणालाच काही पटवून देत नाही.

यावर कुणी म्हणेल की, मग आपल्या संतांचे काय? १६२९-३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, आणि त्यांनी 'सुटका झाली' अशा अर्थाचे अभंग लिहिले. लोकमान्यांचा थोरला मुलगा १९०३ साली प्लेगने गेला, तेव्हा भेटायला आलेल्यांना लोकमान्य म्हणाले म्हणतात की, गावची होळी पेटली की घरोघरच्या गोवऱ्या द्याव्याच लागतात. हे तत्त्वज्ञानच नव्हे काय? आहे, पण ते कुणी कुणाला सांगितले ते बघा. तुकोबा ते देवाला ऐकवत आहेत, टिळक समाचाराला आलेल्यांना. या दोन्ही ठिकाणी ज्याचे गेले तो बोलतो आहे. तेच वाक्य शेजाऱ्याच्या तोंडी घालून पाहावे. 'तुमची बायको गेली, बरे झाले, तुम्ही मोकळे झालात' असे देहूच्या एखाद्या सावकाराने म्हटले असते तर आपण त्याला काय म्हटले असते? एकच वाक्य आतून आले तर वैराग्य असते आणि बाहेरून आले तर क्रौर्य. साहित्यात वाक्याचा अर्थ वक्त्यावर ठरतो, हा नाटकवाल्यांना सवयीचा नियम आपण दुखवट्याच्या वेळी नेमका विसरतो.

गडकऱ्यांनी तो विसरला नव्हता. 'राजहंस माझा निजला' या कवितेत मांडीवर गेलेले मूल घेऊन बसलेली आई ते झोपले आहे असे म्हणते, आणि भोवतालच्यांना गलबला करू नका म्हणून सांगते. कविता वाचून संपल्यावर लक्षात राहते ती तिची समजूत, तिची समजूत घालणाऱ्यांचे बोलणे नव्हे. कवितेच्या आरंभीच दुर्दैवाचा पर्वत येतो आणि मला तो खटकतो. गडकऱ्यांना पर्वताखेरीज करमत नाही. पण आई बोलू लागली की पर्वत दिसेनासा होतो. त्या बाईला 'मूल गेले' हे पटवून देणे हे सांत्वन आहे का, हा प्रश्न ती कविता वाचणाऱ्याच्या गळ्यात अडकवून ठेवते.

किसा गोतमीच्या कथेत हाच प्रसंग दुसऱ्या वळणाने गेला आहे. तीही मेलेले मूल घेऊन श्रावस्तीत औषध मागत हिंडत होती. बुद्धाने तिला 'सर्व अनित्य आहे' असे प्रथम सांगितले नाही. ज्या घरात कुणी मेलेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. या कथेचे तात्पर्य आपण शाळेत शिकलो, आणि तात्पर्य शिकल्यामुळे कथा हरवली. गोतमीला दारोदार काय ऐकावे लागले असेल? कुणाचा बाप, कुणाची सून, कुणाचे तान्हे मूल. म्हणजे जिचा समाचार घ्यायचा तीच गावभर समाचाराला गेली. उपदेश शेवटी आला. आधी तिच्या पायांना चालणे मिळाले आणि कानांना दुसऱ्यांची माणसे.

काहीच बोलू नये असे याचे तात्पर्य कुणी काढू नये. 'कुमारसंभवा'त मदन जळून राख होतो आणि रती आकांत करते. तिच्या हाकेसरशी मदनाचा मित्र वसंत येतो. त्याला पाहताच ती जास्तच रडू लागते, ऊर बडवून घेते. आपल्या माणसासमोर दुःखाला जणू दार उघडे होते, असे कालिदास तिथे म्हणतो. समाचाराला आलेल्याला पाहून घरातले माणूस नव्याने रडू लागले की आपण घाबरतो, 'रडू नका, रडू नका' करतो. कालिदासाच्या मते तेच त्याच्या येण्याचे फळ. पुढे आकाशवाणी होते, मदन परत मिळेल असे वचन मिळते, आणि त्या भरवशावर वसंत रतीला धीर देतो एवढे कवी सांगतो. वसंत नेमके काय बोलला ते मात्र त्याने दिलेले नाही. वसिष्ठांच्या शिष्याचे अख्खे भाषण देणाऱ्या कवीने मित्राचे शब्द गाळावेत, हे मला सहज झालेले वाटत नाही.

आकाशवाणी आपल्यापैकी कुणाच्या हातची नाही. आपल्याला पत्रच लिहावे लागते. मराठी इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध पत्र अशाच वेळचे आहे. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर सर्वनाश झाला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघून माळव्यात भेलशापर्यंत आले होते. तिथे सावकारी टपालातले एक पत्र त्यांच्या हाती लागले. त्यात मोती गळाल्याचे, मोहरा हरवल्याचे, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नसल्याचे लिहिले होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब; एकाचा बाप आणि दुसऱ्याचा चुलतभाऊ ते वाचत होता. सांत्वनाचा एकही शब्द त्यात नाही, तो हेतूही नव्हता. एका पेढीने दुसऱ्या पेढीला सांकेतिक भाषेत दिलेली ती खबर. तरी अडीचशेहून अधिक वर्षे ते वाक्य महाराष्ट्राच्या कानात राहिले. याचे कारण असे की, त्यात कुणाला दोष दिलेला नाही, कारण सांगितलेले नाही, ईश्वरेच्छाही आणलेली नाही. काय गेले तेवढे मोजले आहे, आणि जिथे मोजता येईना तिथे तसे कबूल केले आहे. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

पण या वाक्याची थोरवी गाताना एक शब्द माझ्या दाताखाली खड्यासारखा येतो. खुर्दा. तांब्याची नाणी. ज्यांना त्या पत्राने खुर्दा म्हटले त्यांच्यापैकी प्रत्येकाचे कुठेतरी एक घर होते, मिरजेच्या बाजूला, खानदेशात, कोकणात. आणि त्या घराला आपला माणूस तांबे वाटत नव्हता. किती घरी पत्र गेले असेल? किती बायकांनी वर्षानुवर्षे कुंकू लावावे की पुसावे हे न कळता दिवस काढले असतील? सांकेतिक भाषेत सोन्या-मोत्यांची प्रतवारी लागतेच, त्याला इलाज नव्हता. मात्र आजही मोठ्या अपघातानंतर आपण 'मृतांत अमुक अधिकारी, तमुक उद्योगपती आणि अन्य सतरा जणांचा समावेश' असे वाचतो, तेव्हा तो खुर्दा पुन्हा वाजतो. 'अन्य'मध्ये गेलेल्या माणसाच्या घरी सांत्वनाचे पहिले वाक्य बहुधा त्याचे नाव हेच असायला हवे. शोकसंदेशांत 'दिवंगत आत्मा', 'मृतात्मा', 'कै.' सगळे असते. मनोहर किंवा सुलभा नसते.

माझ्या शेजारी काही वर्षांपूर्वी असा प्रसंग झाला. बावीस वर्षांची मुलगी, रात्रीची बस, महामार्ग. वडिलांकडे पुढे महिनाभर पत्रे येत राहिली. मुलगी हुशार होती, माणसे जोडणारी होती. एके दिवशी त्यांनी तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. त्यात प्राध्यापकांची पत्रे होती, एका संस्थेचा ठराव होता, गीतेचे आधार देऊन लिहिलेले सहा पानी पत्रही होते. हे सगळे ते परत बांधून ठेवत होते. खिशात मात्र एक चिठ्ठी वेगळी होती. गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या बाईंची, वहीच्या फाडलेल्या कागदावर, पेन्सिलीने लिहिलेली. 'ताईंचा निळा ब्लाउज शिवून झाला आहे. काजे-बटणे राहिली आहेत. तसाच पाठवू की पुरा करू? पैसे घेणार नाही.' बस, एवढेच. ते मला म्हणाले, 'मी पुरा करा म्हणून सांगितले.' आणि मग ती गेल्यानंतर पहिल्यांदाच ते तिच्या कपड्यांविषयी, तिला निळा रंग कसा आवडे त्याविषयी बराच वेळ बोलत राहिले. त्या बाईंनी 'रघुवंश' वाचले असण्याचा संभव नाही. पण अर्धी राहिलेली बकुळीची मेखला त्यांच्या हाती होती, आणि ती पुरी करू का एवढेच त्यांनी विचारले. त्या चिठ्ठीत प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बापालाच देता येते. बाकीच्या गठ्ठ्यातल्या एकाही पत्राला त्यांचे उत्तर नको होते. गद्याचा नमुना म्हणून मी ती चिठ्ठी त्या ठरावापेक्षा फार वरची मानतो, आणि त्यात भावनेच्या भरात केलेला पक्षपात आहे असे मला वाटत नाही.

शब्दांऐवजी काम, ही आपल्याकडे जुनीच वाट आहे. १३३८ साली मंगळवेढ्यात कुसाचे काम चालू असता भिंत ढासळली आणि तिच्याखाली कामकरी गाडले गेले. त्यांत चोखामेळा होता. नामदेव मंगळवेढ्याला गेले. तिथल्या त्या हाडांच्या ढिगातून चोख्याची कोणती हे त्यांनी कसे ओळखले, त्याची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे: ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती त्यांनी वेचली. ती पंढरपुरास आणून महाद्वारी ठेवली. कथेतला चमत्कार बाजूला ठेवला तरी एक माणूस मित्राची हाडे खाली बसून निवडतो आहे, हे उरतेच. 'अन्य'मधून त्याने एक जण वेगळा काढला. अर्थात ज्याला जिवंतपणी देवळात जाता आले नाही त्याला मेल्यावरही जागा मिळाली ती दाराबाहेरच. सांत्वनाने अन्याय फिटत नाही, हेही त्या समाधीजवळ उभे राहिले की दिसते.

आता एकच प्रसंग सांगायचा राहिला. १७५४च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाईंनी तेव्हा तिशीही गाठलेली नव्हती. त्या सती जायला निघाल्या. मल्हारराव आडवे आले. एकुलता एक मुलगा नुकताच गेलेला हा सेनापती सुनेला काय म्हणाला ते बखरकारांनी आणि चरित्रकारांनी आपापल्या शब्दांत दिले आहे, पण आशय सगळीकडे एकच: मुलगा गेला, आता तूही निघालीस तर या म्हाताऱ्याने कुणाकडे पाहायचे? तिचे दुःख कमी करण्याचा यात प्रयत्नच नाही. शास्त्र काय म्हणते हेही नाही. आहे ती एका म्हाताऱ्याची अडचण. तिला आधार देण्याऐवजी त्यांनी तिच्याकडे आधार मागितला. साम म्हणायचे तर हा साम नव्हे. यात वळवणाराच आधी वाकलेला आहे. स्वार्थ म्हणायचा तर तो आहे, आणि लपवलेला नाही. अहिल्याबाई मागे राहिल्या. पुढचे १७६७ ते १७९५ सर्वांना माहीत आहे. पण त्या संध्याकाळी छावणीत ते कुणालाच माहीत नव्हते, म्हणून मल्हाररावांच्या शब्दांचे मोल त्यावरून ठरवू नये.

अजाचेही असेच झाले. गुरूचे शब्द परत गेले, तरी तो लगेच मेला नाही, कारण दशरथ लहान होता. ज्या कामी वसिष्ठांचे तत्त्वज्ञान अपुरे पडले ते एका पोराच्या वयाने केले. आठ वर्षे त्याने काढली. तिच्या चित्रांकडे पाहत, स्वप्नात क्षणभर होणाऱ्या भेटींवर जगत. मुलगा शिकून, अंगावर चिलखत चढवण्याजोगा झाला तेव्हा त्याच्या हाती राज्य दिले, अन्न सोडले, आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. कालिदासाने याबद्दल त्याला एका शब्दानेही दोष दिलेला नाही. वसिष्ठांनी तेव्हा पुन्हा कुणाला पाठवले होते की काय, हेही त्याने सांगितलेले नाही.